वाढपी वरच्या पंगतीत

“सर्व्हर म्हणजे काय हो, प्रतापराव?”

माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, हे विचारलं तेव्हा त्यांच्या हातात औक्षणाचं ताम्हन होतं आणि ताम्हनातलं निरांजन माझ्या मिशीला चटके देत होतं. ओवाळणं माझं चाललं होतं. ते अर्ध्यावर थांबवून त्या माझ्या डोक्यावरून पलीकडच्या पाटाकडं बघत होत्या.

त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला होता. धोंड्याच्या जेवणाला आम्ही दोघं जावई कराडला जमलो होतो. मी थोरला, म्हणजे थोरल्या मुलीचा नवरा. प्रतापराव धाकटीचे. वयानं ते मोठे, उंचीनं मोठे, पगाराचं तर विचारूच नका. ते पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, मी विट्याला शाळेत भूगोल शिकवायचो. पण नात्यानं मी मोठा, म्हणून पाटावर ओवाळणं आधी माझं. या माणसाच्या आधी मला काही मिळायचं ते एवढंच. आणि नेमकं ते चालू असताना यांनी पिशवीतनं एक काळा डबा काढून तात्यांच्या पुढ्यात ठेवला.

“सर्व्हर म्हणजे सर्व्ह करणारा, माई,” प्रतापराव म्हणाले. “तात्यांची नाटकं, लग्नांच्या कॅसेटी, फोटो, गाणी, सगळं यात भरलंय. हा घरात एका जागी बसणार आणि ज्याला जे पाहिजे ते ज्याच्या त्याच्या टीव्हीवर वाढणार.”

“म्हणजे वाढपी,” तात्या म्हणाले.

“अगदी बरोबर! वाढपीच!”

तात्या, माझे सासरे, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभं आयुष्य त्यांनी स्टँडवरच्या भोंग्यातनं गाड्या पुकारल्या. निवृत्त झाले तरी घरात बोलायचे ते तसंच. आताही त्यांनी डबा दोन्ही हातांनी उचलला आणि जाहीर केलं, “लक्ष द्या. पुणे येथून आलेला वाढपी घरी लागलेला आहे.”

सगळे हसले. माझी बायको मंजिरी सगळ्यांत जास्त हसली.

“पण धोंड्याला जावयानं घ्यायचं असतं,” मी म्हटलं. “द्यायचं नसतं. शास्त्र आहे तसं.”

“असू दे हो,” मंजिरी म्हणाली. “किती मनापासून केलंय त्यांनी. तात्यांच्या नाटकाची ती कॅसेट बघा, बुरशी लागलेली. पुण्यात फिरून फिरून माणूस शोधला आणि साफ करून घेतली.”

ती कॅसेट माळ्यावर पडलीय हे प्रतापरावांच्या आधी मला माहीत होतं. पण त्याचं कोणाला काही नव्हतं. माईंनी माझा राहिलेला फेरा घाईघाईनं पुरा केला आणि त्या पलीकडच्या पाटापुढं गेल्या. तिथं मात्र निरांजन कसं अगदी सावकाश, डोळे भरून.

आता माझं पोट का दुखायचं ते सांगून टाकतो. प्रतापराव या घरात पहिल्यांदा आले ते मंजिरीला बघायला. धाकट्या शर्मिलाला नव्हे, मंजिरीला! माझ्या बायकोला! तो कार्यक्रम काही जमला नाही. मग काही महिन्यांनी मी आलो, माझं जमलं, आणि आमचं लग्न झाल्यावर वर्षाच्या आत हे शर्मिलाचा नवरा म्हणून परत हजर. घरात त्या पहिल्या प्रकरणाबद्दल विचारलं की सगळ्यांचं एकच ठरलेलं उत्तर असायचं, “योग जुळला नाही.” हे वाक्य ज्यानं कोणी काढलं त्याला माझा नमस्कार. त्यात नकार कोणी दिला ते कळतच नाही! तिनं दिला असेल तर प्रश्नच मिटला. पण यांनी दिला असेल, तर मग माझ्याशी लग्न म्हणजे पुण्याची निमआराम चुकल्यावर बिचारी मिळेल त्या विटा गाडीत चढली, असा अर्थ झाला. मी मंजिरीला कितीदा विचारलं. ती म्हणायची, “काय करायचंय आता ते?”

सांगा, या उत्तरावर नवऱ्याचा डोळा लागेल?

जेवणं झाली आणि प्रतापराव शर्टाच्या बाह्या सरसावून उठले. संध्याकाळी तात्यांनी डेपोतल्या जुन्या नाटक मंडळींना चहाला बोलावलं होतं. आगाराच्या नाटकात तात्या राजा झाले होते, ते नाटक हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायचं होतं. तात्यांनी जेवताना दाढी केलेल्या गालावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला होता, जणू त्यांनाच परत रंगायचं होतं.

“इंटरनेटचा राउटर वर तात्यांच्या खोलीत आहे,” प्रतापराव सगळ्यांना समजावत होते. “वाढपी त्याच्या शेजारी बसवायचा आणि वायरनं जोडायचा. वायरनं का? कारण वाढप्याला सैपाकघराशी पक्कं दार पाहिजे. आणि टीव्ही, मोबाईल हे सगळे वायफायनं जेवणार, म्हणजे बिनवायरचे. कळलं, सदानंदराव?”

सदानंदराव म्हणजे मी. “मला का विचारताय?” मी म्हटलं. “मी भूगोल शिकवतो, अडाणी नाही.”

“तसं नाही हो, आपलं सहज.”

सहज म्हणे! ते वर गेले, डबा जोडला, खाली आले आणि टीव्हीपुढं उभे राहिले. टीव्हीनं वायफायचा पासवर्ड विचारला. तर यांनी काय करावं? टीव्हीला अंगानं झाकलं आणि पाठमोरं होऊन रिमोटनं तो टाकला.

“मला पण द्या की पासवर्ड,” मी म्हटलं. “मोबाईलला.”

“आणा इकडं, मी टाकतो.”

“सांगा, मला टाकता येतो.”

“राहू दे हो, मोठा आहे,” म्हणून त्यांनी माझ्या हातातला मोबाईल घेतला, खिडकीकडं जाऊन टाकला आणि परत दिला. मी बघितलं तर नुसते ठिपके. आणि मोबाईल देताना त्यांनी एक क्षण मंजिरीकडं बघितलं. मंजिरीनं खाली बघितलं. ओठ दाबून.

माझ्या टाळूला मुंग्या आल्या. पासवर्डमध्ये माणूस काय ठेवतो? आवडत्या माणसाचं नाव ठेवतो! आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे पासवर्ड त्यांच्या मुलांच्या नावाचे होते. मग या गृहस्थांनी असं कोणाचं नाव ठेवलंय की माझ्यासमोर उच्चारता येऊ नये?

“पान घेऊन येतो,” असं सांगून मी घराबाहेर पडलो आणि थेट दत्त चौकाकडं गेलो. परत आलो तेव्हा माझ्या हातात पान नव्हतं, नवाकोरा राउटर होता. चार अँटेनांचा! वरच्या जुन्याला दोनच होत्या.

“हे काय?” मंजिरी म्हणाली.

“हॉलमध्ये रेंज येत नाही. वरचा वायफाय जिन्यात दमतो. माझ्याकडून तात्यांना.”

“धोंड्याला जावयानं द्यायचं नसतं ना? शास्त्र आहे ना?”

“हे यंत्र आहे. यंत्राला शास्त्र नसतं.”

प्रतापराव त्यांच्या डब्यात गाणी लावण्यात गुंतले होते, तोवर मी वरनं खाली एक लांबलचक वायर सोडली आणि हॉलमधल्या शोकेसवर माझा राउटर मांडला. त्यानं विचारलं, वायफायचं नाव काय ठेवायचं? मी इंग्रजी अक्षरांत टाकलं, ‘थोरलेजावई’. टीव्हीला वरच्या वायफायवरनं उठवलं आणि माझ्या वायफायवर बसवलं. रेंजच्या सगळ्या कमानी भरल्या. मला जेवल्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं वरनं प्रतापरावांचा आवाज आला. “टीव्हीवर वाढपी दिसतोय का?”

तो दिसत नव्हता. टीव्हीवर रेंज भरपूर आणि वाढपी गायब.

प्रतापराव जिना उतरले, शोकेसकडं बघितलं, अँटेना मोजल्या आणि डोक्याला हात लावला. “अहो सदानंदराव, हे काय केलंत? तुमच्या राउटरनं वेगळं नेटवर्क तयार केलं. वाढपी आहे वरच्या पंगतीत, टीव्ही बसलाय खालच्या पंगतीत. मधे भिंत. वाढपी त्याला बघणारच नाही.”

“मग वाढप्याला खाली आणा.”

“मग तात्यांच्या खोलीतला टीव्ही उपाशी राहील.”

“तुमचा राउटर काढा, म्हणजे एकच पंगत होईल.”

“अहो, इंटरनेट त्याच्यातनं येतंय!”

शर्मिला मोबाईल घेऊन जिन्याच्या वळणावर उभी राहून हे सगळं ऐकत होती. लहानपणापासून तिला भांडणं बघायला आवडतात, असं मंजिरी सांगायची. ती वर पळाली, आणि थोड्या वेळानं माझ्या मोबाईलवर बघतो तर वरच्या वायफायचं नाव बदललेलं. त्या जागी झळकत होतं, ‘लाडकेजावई’.

“हे कोणी केलं?” मी ओरडलो.

“मी नाही हो,” प्रतापराव म्हणाले, पण गालात हसले. हसले ते हसलेच.

तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातनं फोन आला. माईंनी घेतला. “अगंबाई, होय का? तुमच्याकडं पण दिसतंय?” फोन ठेवून त्या म्हणाल्या, “भोसलेवहिनी विचारत होत्या, थोरले जावई आणि लाडके जावई अशी दोन नावं मोबाईलवर येताहेत, तुमच्याकडं काही वाद झालाय का म्हणून.”

“आई, मग कोणाची रेंज जास्त येतीय म्हणाल्या?” शर्मिलानं विचारलं.

“लाडक्याची.”

आता मात्र हा प्रश्न इंटरनेटचा राहिला नव्हता. मी वर गेलो, काळ्या डब्याची वायर उपसली, डबा काखेत मारून खाली आणला आणि माझ्या राउटरला जोडला. टीव्हीवर लगेच वाढपी हजर! पडद्यावर तात्यांच्या नाटकाचं चौकोनी चित्र आलं.

“बघा,” मी म्हटलं. “आला का नाही?”

मंजिरी म्हणाली, “आला की!” आणि माझ्याकडं बघून हसली. खोटं कशाला सांगू, त्या एका हसण्यासाठी मी तसले धा राउटर आणले असते.

एवढ्यावर मी हात झाडून गप्प बसायला पाहिजे होतं. पण राउटरच्या खोक्यात आलेली एक छोटी वायर उरली होती. तिचं एक टोक राउटरला लावलेलं होतं, दुसरं मोकळं लोंबत होतं. मला लोंबती गोष्ट बघवत नाही. वर्गात नकाशाची दोरीसुद्धा मी गुंडाळून ठेवायचो. राउटरला पाठीमागं एक भोक मोकळं दिसलं, म्हटलं दुसरं टोक त्यात जाऊ दे. छान दिसेल. मी ते टोक आत सारलं. टक्‌ असा गोड आवाज झाला.

आणि राउटरच्या अंगात आलं.

एरवी त्याचे हिरवे दिवे कसे शहाण्यासारखे, एक झाला की एक लुकलुकायचे. आता सगळे एकदम, एका दमात, वेड्यासारखे फडफडायला लागले. काळ्या डब्याचे दिवे त्यांना साथ द्यायला लागले. टीव्हीवरचं चौकोनी चित्र गेलं आणि तिथं एक गोल फिरायला लागला. मोबाईल बंद. शर्मिलाच्या मुलीचं कार्टून बंद, तिनं भोकाड पसरलं. माई देव्हाऱ्याकडं बघून म्हणाल्या, “कशानं तरी कोपलंय.”

आणि नेमकी त्याच वेळी दाराची बेल वाजली. डेपोतली मंडळी आली.

सगळ्यांत पुढं मुल्लाचाचा, आगारातले जुने मेकॅनिक. नाटकात ते प्रधान झाले होते. त्यांच्या मागं आणखी चार-पाच म्हातारे, सगळे इस्त्रीचे शर्ट घालून. तात्या त्यांना बसवत होते, पण त्यांचं सगळं लक्ष टीव्हीवर फिरणाऱ्या गोलाकडं होतं.

“लक्ष द्या,” तात्या म्हणाले, पण आवाज भोंग्यातला नव्हता, बसका होता. “काही तांत्रिक कारणामुळं नाटक थोडं उशिरा सुटेल.”

“सुटंल का पर?” मुल्लाचाचा म्हणाले. “का आपल्या पाटण गाडीगत गॅरेजलाच?”

म्हातारे हसले. तात्या हसले नाहीत. प्रतापराव शोकेसमागं डोकं घालून वाकले होते. ते सरळ झाले, त्यांच्या हातात ती छोटी वायर होती, दोन्ही टोकं निघालेली.

“याची दोन्ही टोकं एकाच राउटरला कोणी लावली?”

सगळे माझ्याकडंच बघत होते.

“मोकळी होती,” मी म्हटलं. “लोंबत होती.”

“म्हणून स्वतःच्याच शेपटीला बांधली? अहो, हा स्वतःचंच बोलणं स्वतःला ऐकवत सुटला! एक शब्द गोल गोल फिरून हजारदा. दुसऱ्या कोणाचं ऐकायला त्याला वेळच नाही!”

“घरोघरी असतं एकेक तसं,” शर्मिला म्हणाली.

तात्यांनी हात वर केला. “आता बास. एका स्टँडला एकच कंट्रोलर असतो. दोन भोंगे एकदम बोलायला लागले की गाड्या खड्ड्यात जातात. सदानंदराव, तुमचा राउटर काढा. प्रतापराव, वाढपी वर न्या. टीव्ही परत वरच्या वायफायवर बसवा. लवकर.”

माझा चार अँटेनांचा राउटर खाली उतरला. माईंनी तिथं लगेच फुलदाणी ठेवली. प्रतापराव डबा वर जोडून आले, टीव्हीचा रिमोट घेतला, ‘लाडकेजावई’ निवडलं. पण नाव बदललं की टीव्ही ओळख विसरतो. त्यानं परत पासवर्ड विचारला.

प्रतापरावांनी परत टीव्हीला झाकलं.

“बाजूला व्हा की,” मी म्हटलं. “दिसू दे सगळ्यांना.”

“टाकतोय ना.”

टीव्हीनं सांगितलं, चुकला. त्यांनी परत टाकला. परत चुकला. रिमोटवर एकेक अक्षर शोधायचे, टाकायचे आणि परत खोडायचे. पुण्याच्या कंपनीत म्हणे हे अख्खी बँक सांभाळायचे.

“काय झालं?” तात्यांनी विचारलं.

“मघाशी बरोबर लागला होता. गडबडीत स्पेलिंग चुकतंय.”

“मोठ्यानं सांगा,” मी म्हटलं. “शब्द सांगा, मी स्पेलिंग सांगतो. मास्तर आहे मी.”

“नको.”

“नको? का नको? घरातलीच तर माणसं आहेत. आम्हाला ऐकता येणार नाही असा कसला शब्द आहे हो?”

“सदानंदराव, खाजगी असतो पासवर्ड.”

“तात्यांच्या घराचा पासवर्ड तात्यांना खाजगी?”

प्रतापरावांनी मंजिरीकडं बघितलं. सगळ्यांच्या देखत! मंजिरीनं मान हलवली. नाही, अशी. मला ते स्वच्छ दिसलं. माझ्या बायकोनं दुसऱ्याच्या नवऱ्याला खुणेनं सांगितलं, सांगू नका! माझ्या कानात त्या राउटरचे सगळे दिवे फडफडायला लागले.

“सांगा,” मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला अनोळखी वाटला. “माझ्या बायकोचं नाव आहे ना त्यात? सांगून टाका एकदाचं!”

“अहो!” मंजिरी म्हणाली.

“बोलू दे मला! इतकी वर्षं ऐकतोय, योग जुळला नाही, योग जुळला नाही...”

मुल्लाचाचांनी शेजारच्याला हळूच विचारलं, “नाटक सुरू झालं का काय?”

आणि त्याच क्षणी सैपाकघरातनं शर्मिला आली, भजीच्या पिठानं हात कोपरापर्यंत माखलेले. आतनं तिला फक्त पासवर्ड चुकतोय एवढंच ऐकू गेलं असावं. ती दारातनंच खणखणीत ओरडली, “अहो, लाडूमध्ये डी एकच आहे! तुम्ही दोन घालत असणार! दगडी लाडू! दगडीत एक डी, लाडूत एक डी! किती वेळा सांगितलंय!”

तात्या टीव्हीकडून वळले.

“कसला लाडू?” तात्या म्हणाले.

शर्मिलानं पिठाचा हात तोंडावर ठेवला. मंजिरीनं डोळे मिटले. प्रतापराव मानेपासून कानापर्यंत लाल झाले, पण त्यांची बोटं मात्र आता झपाझप चालली, आणि टीव्हीनं आनंदानं सांगितलं, जोडला गेला. पुढच्याच क्षणी पडद्यावर तुतारी वाजली आणि तिशीतले तात्या, मुकुट तिरका, छाती पुढं काढून विंगेतनं आत आले.

“आयला!” मुल्लाचाचा ओरडले. “तात्या, केवढा बारीक होतासा!”

तात्या लाडू विसरले. ते उठून टीव्हीच्या इतके जवळ गेले की त्यांच्या चष्म्यात दोन छोटे राजे दिसायला लागले. माई पदरानं डोळे पुसत होत्या. प्रतापराव भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांचं काम फत्ते झालं असूनही त्यांच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. पण त्या वेळी मला त्यांच्यापेक्षा त्या लाडवाचं जास्त पडलं होतं.

मी सैपाकघरात गेलो. मंजिरी चहाचं आधण टाकत होती. मी दार लोटलं.

“कसला दगडी लाडू?”

“काय करायचंय आता ते?”

“मंजिरी.”

तिनं बाहेरचा कानोसा घेतला. बाहेर राजा प्रधानावर गरजत होता. “हळू बोला,” ती म्हणाली. “तात्यांना अजून माहीत नाही. मला त्या वेळी लग्नच करायचं नव्हतं. बी.एड.ला नंबर लागला होता. तात्या म्हणायचे, आधी लग्न. तोंडावर नाही म्हणायची सोय नव्हती घरात. मग ज्या दिवशी प्रतापराव बघायला यायचे त्या दिवशी रव्याचे लाडू मी केले, आणि पाक मुद्दाम पुढं नेला.”

“किती?”

“इतका की लाडू वळताना हात भाजले. गार झाल्यावर त्याच्यावर खोबरं फोडता आलं असतं. म्हटलं, मुलीला साधा लाडू येत नाही असं म्हणून जातील निघून. प्रतापरावांनी पुढच्या दातानं चावला. आवाज मला इथं आला. मला वाटलं लाडू फुटला.”

“आणि?”

“दात फुटला. अर्धा लाडवात, अर्धा तोंडात. पाहुण्यांची नुसती पळापळ. शर्मिला त्यांना घेऊन समोरच्या दाताच्या डॉक्टरकडं गेली. मग कॅप बसवायला त्यांना परत परत कराडला यावं लागायचं. त्यात त्यांचं जमलं. सारखे पासवर्ड विसरतात म्हणून तिनंच हा असा ठेवून दिला. ते बिचारे मला सांभाळून घेत होते, तात्यांपुढं.”

माझ्या छातीवरनं भरलेला ट्रक उतरला. “म्हणजे तू नकार दिलास!” मी म्हटलं. “तू! त्यांनी नाही!”

“हो. झालं समाधान?”

झालं होतं. मला बाहेर जाऊन प्रतापरावांना मिठी मारावीशी वाटली. बिचारा माणूस! केवढा दात! मी सैपाकघरातला एक रिकामा कप उचलला, तो चहाच्या ट्रेमध्ये ठेवला, दुसरा उचलला आणि हात तसाच हवेत राहिला.

“थांब,” मी म्हटलं. “मी तुला बघायला आलो तेव्हा पण लाडूच होता.”

मंजिरीनं आल्याचा तुकडा किसायला घेतला. तिला एकदम फार काम लागलं.

“तो पण दगडी होता,” मी म्हटलं. “मला वाटलं तुमच्याकडं करतातच तसे. तो उरलेल्यातला होता का?”

“छे! पाहुण्यांना शिळं देतात का? तुमच्यासाठी नवीन केला होता.”

“नवीन? मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“म्हणजे मलाही नकारच होता!”

“होताच की.” ती हसायला लागली. “पण तुम्ही तो चावलाच नाहीत. हातात घेऊन वजन बघितलंत, बशीत चहा ओतलात आणि लाडू त्यात ठेवून दिलात. आणि भिजेपर्यंत तात्यांशी कोयनेच्या पाण्यावर बोलत बसलात. तात्यांना वाटलं काय शांत मुलगा आहे. चहा संपला की परत ओतायचात. मी पडद्याआडनं बघतीय, लाडू विरघळत चाललाय आणि तुम्ही आपले धरणाचे दरवाजे उघडताय. शेवटी चमच्यानं खाल्लात आणि दुसरा मागितलात.”

“मग?”

“मग काय. म्हटलं, या माणसाला घाई नाही. हा थांबेल. दोन वर्षं बी.एड. करू देईल.” तिनं आधणात आलं टाकलं. “दिलंत की.”

बाहेर टाळ्या पडल्या. तात्यांच्या राजानं काहीतरी जिंकलं होतं. एखादा शहाणा नवरा इथं थांबला असता, बायकोच्या हातातनं ट्रे घेऊन मुकाट्यानं बाहेर गेला असता. मी ट्रे घेतलासुद्धा. दारापर्यंत गेलो. आणि परत वळलो.

“पाक कुणाचा जास्त पुढं नेला होतास?”

“काय?”

“नाही, म्हणजे दात त्यांचा फुटला. मला नुसता चहा पुरला. म्हणजे त्यांच्या लाडवावर तू जास्त मेहनत घेतली असणार.”

मंजिरी हातातली किसणी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. “अहो, सारखाच होता. दोघांचा अगदी सारखा.”

मला काही ते पटलं नाही.

“नीट आठव,” मी म्हटलं.